टेकडीवरचा राबता

पुण्यात ‘टेकडीवर जाऊन येतो’ एवढे सांगून माणूस घराबाहेर पडला की कुठली टेकडी, कशासाठी, असे सहसा कुणी विचारत नाही. प्रभात रस्ता, भांडारकर रस्त्याकडच्यांची ती लॉ कॉलेजची टेकडी असते, फर्ग्युसनच्या बाजूला राहणाऱ्यांची हनुमान टेकडी, पाषाणकरांची पंचवटीकडून चढायची वेताळ टेकडी, सहकारनगर-धनकवडीकरांची तळजाई. या डोंगरांना अभयारण्याचा मान नाही, तिथे जीपची सफारी नाही, बिबट्या दाखवण्याचा वायदा नाही. गेल्या साठ-सत्तर वर्षांत पुणे चहूबाजूंनी वाढले. मळे गेले, ओढे आक्रसले, वाड्यांच्या जागी इमारती आल्या. टेकड्यांचा बराचसा भाग मात्र अजून उघडा राहिला आहे. याचे श्रेय आपण कधी कायद्याला देतो, कधी वनखात्याला, कधी नशिबाला. माझे म्हणणे असे की त्यातला मोठा वाटा रोज टेकडी चढणाऱ्या साध्या माणसांचा आहे. शहरालगतचे रान कायद्याने आखले जाते, पण टिकते ते माणसांच्या राबत्याने. आणि ज्या राबत्याने ते टिकवले, त्यानेच आता शहाणे व्हायची वेळ आली आहे. नाहीतर राखणदारांचा भारच रानाला सोसणार नाही.

हा राबता कुणाचा, ते आधी पाहू. वेताळ टेकडी ही जुन्या शहराच्या हद्दीतली सर्वांत उंच जागा. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर; खालचे शहर साधारण ५६० मीटरवर. पायथ्याच्या वस्तीतून निघालेला माणूस न्याहारीच्या वेळेला माथा गाठून घरी परतू शकतो, आणि नेमकी हीच गोष्ट तिला महाबळेश्वर-ताडोबापासून वेगळी करते. उजाडताना निवृत्त मंडळी येतात, धावणारे येतात, पोलीस आणि सैन्यभरतीची तयारी करणारी पोरे येतात. ऊन चढले की गुराखी आणि शेळ्यावाले, वाळल्या काटक्या वेचणाऱ्या बायका. दुपारी कॉलेजची मुले, वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांची टोळी, घरी अभ्यासाला जागा नसलेला एखादा स्पर्धापरीक्षेचा उमेदवार. संध्याकाळी जोडपी, लहान मुलांना घेऊन आलेली कुटुंबे, कॅमेरा लावून बसलेले पक्षिमित्र. अमावास्येला वेताळाच्या दर्शनाला येणारे वेगळेच. जात, वय, भाषा, पगार यांच्या भिंती ज्या शहरात ठळक आहेत, तिथे इतक्या तऱ्हेची माणसे एकाच पायवाटेवरून एकमेकांना वाट देत जातात, अशा जागा फार थोड्या. बागेला वेळ असते, मॉलला पैसे लागतात, क्लबाला सभासदत्व लागते. टेकडीला यातले काही लागत नाही.

या वापराची किंमत कुठल्या वहीत लिहिली जाते? लिहिली जात नाही, आणि सगळ्या अडचणीचे मूळ तिथे आहे. टेकडीवर चढून ज्याची साखर आटोक्यात राहिली, त्याच्या न झालेल्या औषधखर्चाची पावती निघत नाही. तिथे दोन तास एकटे बसून ज्याचे मन ताळ्यावर आले, त्याची नोंद कुठल्याच खात्यात नसते. उलट त्याच जमिनीवर इमारत झाली तर चौरस फुटाचा दर लगेच सांगता येतो, रस्ता झाला तर वाचलेली मिनिटे मोजता येतात. मोजता येणारी गोष्ट न मोजता येणाऱ्या गोष्टीशेजारी ठेवली की दुसरी शून्य धरली जाते. मला हा हिशेबच कच्चा वाटतो. एखाद्या गोष्टीचे मोल ठरवायचा सर्वांत जुना आणि भरवशाचा मार्ग म्हणजे लोक तिच्यासाठी काय सोडायला तयार आहेत ते पाहणे. इथे हजारो लोक रोजच्या रोज झोप सोडतात, पावसाळ्यात चिखल तुडवतात, उन्हाळ्यात घामाघूम होतात, आणि हे कुणीही सांगितले नसताना वर्षानुवर्षे करतात. पैशाच्या भाषेत न आलेली, पण याहून ठाम साक्ष कुठली असणार?

टेकडीवर कधी पाऊल न ठेवलेल्या पुणेकराचाही तिच्याशी संबंध आहे, तो पाण्यावाटे. दख्खनचा अखंड काळा कातळ पाणी धरत नाही. पण जिथे तो भेगाळला, कुजून मुरूम झाला, तिथून पाणी खाली उतरते. उतारावरचे गवत धावत्या पाण्याचा पाय अडवते, त्याला मुरायला सवड देते. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यावर, कात्रजला तलाव बांधून तिथले पाणी जमिनीखालच्या नळाने शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांमधल्या हौदांपर्यंत आणले गेले. डोंगरावर पडलेला पाऊस अडवून त्यावर शहर जगवता येते, हे त्या पिढीला पक्के ठाऊक होते. त्याच कात्रजच्या डोंगराकडून येणाऱ्या आंबील ओढ्याने २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री दुसरे रूप दाखवले. काही तासांच्या पावसाने ओढा घरांत शिरला, सोसायट्यांच्या भिंती पडल्या, गाड्या वाहून गेल्या. शहरात आणि आसपास वीसहून अधिक माणसे त्या पुरात गेली. त्या रात्रीचा सगळा दोष उतारावरच्या बांधकामांवर ढकलणे न्यायाचे होणार नाही. पाऊस विलक्षण होता, ओढ्याचे पात्र ठिकठिकाणी आवळलेले होते, पूल बुटके होते. पण उतार जितके उघडे-बोडके आणि काँक्रीटचे होतील तितके पाणी एकदम आणि वेगाने खाली येणार, एवढे तर गणित न शिकलेल्या शेतकऱ्यालाही कळते. तेव्हा टेकडी हा फिरायला जाणाऱ्यांचा शौक आहे, हे म्हणणे ओढ्याकाठी राहणाऱ्यांसमोर टिकत नाही.

आता कायद्याकडे येऊ. एकास पाचपेक्षा तीव्र उतारावर बांधकाम करायचे नाही, हा नियम पुण्यात जुना आहे. १९९७ मध्ये २३ गावे महापालिकेत आली आणि त्यांच्या हद्दीतल्या डोंगरमाथ्यांचा, उतारांचा प्रश्न उभा राहिला. त्या गावांच्या विकास आराखड्यात सुमारे ९७८ हेक्टर जमिनीवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण सुचवले गेले. लोक त्याला बीडीपी म्हणतात. गावे आली १९९७ मध्ये; आरक्षणावर राज्य सरकारचे शिक्कामोर्तब व्हायला २०१५ उजाडले. मधल्या काळात किती टक्के बांधकामाला मुभा द्यावी, जमीनमालकांना काय मोबदला द्यावा, मुळात आरक्षण ठेवावे की नाही, यावर वाद होत राहिले. त्या वर्षांत हा विषय जिवंत ठेवला कुणी? हरकती-सूचनांचे अर्ज लिहिणाऱ्यांनी, सह्या गोळा करणाऱ्यांनी, सभांना जाऊन बसणाऱ्यांनी. ही माणसे बहुतांशी तीच, जी सकाळी टेकडीवर दिसतात. आराखड्याचा नकाशा पाहून हिरवा पट्टा कुठे पिवळा झाला हे ओळखायला सवय लागते, आणि ती सवय ज्याला त्या पट्ट्यावरची पायवाट ठाऊक असते त्यालाच लागते. टेकडीवर रोज जाणाऱ्याला चुन्याची नवी रेघ दिसते, झाडांच्या बुंध्यांवर रंगाने घातलेले आकडे दिसतात, रात्रीत उठलेला कुंपणाचा खांब दिसतो. महिन्यातून एकदा गस्त घालणाऱ्या अधिकाऱ्याला हे दिसेलच असे नाही. दिसले तरी शहराला सांगण्याचे काम त्याचे नसते.

इथे एक रास्त शंका निघते. टेकड्या टिकल्या त्या राबत्यामुळे की मालकीमुळे? हनुमान टेकडी, लॉ कॉलेजची टेकडी, वेताळ टेकडीचा मोठा भाग या जमिनी वनखात्याच्या किंवा संस्थांच्या. आंबेगाव, धायरी, बावधनकडच्या उतारांवर खासगी सातबारे आहेत, आणि आरक्षण असूनही तिथे बांधकामे चढत गेली. मालकीचा फरक आहे, तो मी नाकारत नाही. पण मालकी सरकारी असली की जमीन सुरक्षित, हेही खरे नाही. वेताळ टेकडीला आज सर्वांत मोठा धोका कुणा अतिक्रमण करणाऱ्याचा नाही, तर सार्वजनिक प्रकल्पांचा आहे: बालभारतीपासून पौड फाट्यापर्यंतचा सुमारे दोन किलोमीटरचा रस्ता, आणि पंचवटीकडून डोंगराखालून काढायचे बोगदे. २०२३ च्या एप्रिलमध्ये या प्रकल्पांविरुद्ध नागरिकांचा मोठा मोर्चा निघाला. जमिनीचा मालक तोच, रस्ता आखणारा तोच. मग टेकडीच्या बाजूने बोलायला उरते कोण? तिच्या मालकीत ज्यांचा कागदोपत्री काडीचाही हिस्सा नाही, असे वापरणारे. नाशिकजवळच्या बोरगडची गोष्ट याच दिशेची. तिथे निसर्गप्रेमी नागरिकांनी वनखात्याबरोबर बोडक्या डोंगरावर वर्षानुवर्षे काम केले, आणि मग २००८ मध्ये तो महाराष्ट्रातले पहिले संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला. माणसे आधी पोचली, कायदा मागून आला.

रस्त्याची बाजू हलकी समजू नये. सेनापती बापट रस्ता, विधी महाविद्यालय रस्ता, पौड रस्ता यांवर रोज अडकणाऱ्या माणसाचा वेळही आयुष्यातलाच असतो. रुग्णवाहिका कोंडीत सापडते, दुचाकीवरचा कामगार धूर खात उभा राहतो. त्यांना ‘टेकडी सुंदर आहे’ एवढे उत्तर पुरे नाही. प्रश्न असा विचारावा लागेल की या रस्त्याने ती कोंडी सुटेल का. २०१८ च्या सुमारास पुण्यात नोंदलेल्या वाहनांची संख्या ३६ लाखांवर गेली आणि शहराची लोकसंख्या तेव्हा ३५ लाखांच्या आसपास धरली जात होती. ज्या शहरात माणसांपेक्षा गाड्या जास्त झाल्या, तिथे दोन किलोमीटर नवा डांबरी पट्टा किती दिवस मोकळा राहील? नव्या रस्त्याने आधी घरी राहणारी गाडी बाहेर निघते, हा जगभरच्या शहरांचा अनुभव आहे, आणि पुण्याच्या उड्डाणपुलांचा तर आपल्या डोळ्यांसमोरचा. बसची संख्या वाढवणे, पदपथ चालण्याजोगे करणे, मेट्रोच्या स्थानकापर्यंत पोचण्याची सोय करणे ही कामे संथ आणि कंटाळवाणी असतात. त्यांचे भूमिपूजन दिमाखदार होत नाही. पण ती चुकली तर दुरुस्त करता येतात. फोडलेला डोंगर पुन्हा रचता येत नाही. ज्या दोन उपायांपैकी एकच मागे घेता येतो, त्यात आधी मागे घेता येणारा पुरता वापरून पाहावा, एवढीच ही मागणी आहे.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: टेकडी वाचवा हे पोट भरलेल्या मध्यमवर्गाचे कौतुक आहे. या म्हणण्यात तथ्य कुठे आहे ते आधी मान्य करू. मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतल्या झोपड्या हटवण्याचा आदेश १९९७ मध्ये उच्च न्यायालयाने दिला, तो पर्यावरणवाद्यांच्या याचिकेवर. त्यानंतर हजारो गरिबांची घरे पाडली गेली, आणि त्यांच्या पुनर्वसनाचे गाडे पुढे वर्षानुवर्षे रेंगाळले. उद्यान व्हायच्या कितीतरी आधीपासून तिथे पाड्यांवर राहणाऱ्या वारल्यांनाही आपले तिथले असणे पुन्हा पुन्हा सिद्ध करावे लागले. निसर्गाच्या नावाने गरिबाला हुसकावणे आणि बंगल्याच्या उंबरठ्यापर्यंत हिरवळ राखणे, हे घडलेले आहे. पण त्यातून निघणारा धडा रान नको असा नाही, तर रान राखताना वापरणाऱ्यांत भेद करू नका असा आहे. वेताळ टेकडीच्या पायथ्याचे गोखलेनगर, जनवाडी पाहावे. १९६१ च्या पानशेतच्या पुरात घर गमावलेल्यांसाठी या वसाहती वसवल्या गेल्या. एका-दोन खोल्यांच्या घरांत आता तिसरी पिढी राहते. घराला गच्ची नाही, अंगण नाही, मुलांना धावायला मैदान नाही. आहे ती टेकडी. ज्याच्याकडे फार्महाउस आहे, त्याचे टेकडी गेली तरी फारसे अडणार नाही. ज्याच्याकडे दहा बाय दहाची खोली आहे, त्याची मोकळी हवा टेकडीबरोबर जाईल. तेव्हा टेकडीची गरज उत्पन्नाच्या उलट्या प्रमाणात वाढते, आणि तिला श्रीमंतांचा शौक म्हणणाऱ्यांनी पायथ्याच्या वस्त्यांकडे एकदा नीट पाहावे.

तिसरी बाजू जमीनमालकाची. पिढीजात खडकाळ जमीन, सातबाऱ्यावर नाव, आणि शहराने एक दिवस येऊन सांगितले की यापुढे ही जैवविविधता. शेजारच्या सपाट जमिनीवाला कोट्यधीश झाला आणि उतारावरचा तसाच राहिला, तर त्याला अन्याय वाटणे साहजिक आहे. त्याला आठ टक्के हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर, देऊ केला गेला; तो बाजारभावाच्या मानाने फारच तुटपुंजा आहे अशी मालकांची तक्रार आहे. माझ्या मते ती ऐकली पाहिजे. टेकडीचे फायदे सगळ्या शहराला आणि तिचा भार थोड्या कुटुंबांना, ही वाटणी फार काळ चालत नाही. मग तो माणूस गुपचूप गुंठ्या-गुंठ्याने जमीन विकतो आणि आरक्षित उतारावर पत्र्याच्या खोल्या उभ्या राहतात. टेकडी खरोखर मोलाची असेल, तर शहराने ते मोल मोजून द्यावे. मोकळ्या हवेची किंमत वापरणाऱ्याने द्यायची नसेल, तर ती मालकाच्या खिशातून काढणेही बरोबर नाही. टेकडीप्रेमी गटांनी मालकांच्या मोबदल्याची मागणी आपली म्हणून उचलली, तर त्यांची बाजू दुबळी होण्याऐवजी बळकटच होईल.

आता सर्वांत अवघड आक्षेप, कारण तो टेकडीच्या विरोधकांकडून येत नाही, तिच्या अभ्यासकांकडून येतो. ते म्हणतात, राबता हाच रोग आहे. माणसे बंद करा, रान आपोआप सावरेल. त्यांना काय दिसते ते जवळून पाहिले तर त्यांचा राग पटतो. टिटवी झाडावर घरटे करत नाही. उन्हाळ्यात उघड्या माळावर ती जमिनीत जेमतेम बशीएवढा खोलगट भाग करते, त्याभोवती खडे मांडते आणि त्यात बहुधा चार अंडी घालते. मातकट रंगावर काळपट ठिपके, आजूबाजूच्या खड्यांत बेमालूम मिसळलेले. दोन पावलांवर उभ्या माणसालाही ती दिसत नाहीत. जवळ कुणी गेले की टिटवी आकांत करत डोक्यावर घिरट्या घालते. माणूस ‘काय कलकलाट आहे’ म्हणतो आणि पुढे जातो. त्याच्याबरोबर मोकळे सोडलेले कुत्रे मात्र वासावर तिथे पोचते. रुळलेली वाट सोडून जवळची वाट काढणारे, मोटारसायकली माथ्यावर चढवणारे, मोठ्याने गाणी लावणारे, बाटल्या फोडणारे: प्रत्येकाचे नुकसान लहान, पण राबता मोठा असल्याने त्याची बेरीज मोठी. हे सगळे खरे असूनही कुंपण घालून माणसे बंद करण्याचा उपाय मला पटत नाही. शहराला लागून असलेली, कुणी न जाणारी जागा पक्ष्यांकडे जात नाही. तिच्यावर राडारोड्याचे ट्रक रिकामे होतात, दारूचे अड्डे बसतात, लूटमार होते, आणि काही वर्षांनी ‘पडीक’ म्हणून तिचा प्रस्ताव होतो. निर्मनुष्य टेकडीवर बाईमाणसाला एकटे जाणे अवघड होते. चार भली माणसे वाटेवर असली की पाचवीला धीर येतो.

वापर आणि मर्यादा एकाच ठिकाणी नांदू शकतात, हे आपल्याला नव्याने शिकायचे नाही. सह्याद्रीत गावोगावच्या देवराया पिढ्यान्‌पिढ्या उभ्या राहिल्या. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी पन्नास वर्षांपूर्वी त्यांचा अभ्यास करून त्यांचे महत्त्व जगापुढे मांडले. देवराईत माणूस जात नव्हता असे नाही. तिथे देवाचे ठाणे होते, जत्रा होती, कुठे गावाच्या पाण्याचा झरा होता. पण कुठे कुऱ्हाड चालवायची नाही, कुठे वाळले पानही घरी न्यायचे नाही, असे दंडक होते, आणि ते पाळले जातात की नाही हे पाहायला सरकारी माणूस लागत नव्हता. सारा गाव पाहत होता. जिथे गाव पांगला, श्रद्धा सैल झाली, किंवा देवळाच्या जीर्णोद्धाराला झाडे विकून पैसा उभारायची टूम निघाली, तिथे देवराया विरल्या. म्हणजे राखण करणारी शक्ती कायदेशीर दर्जात नव्हती. ती त्या रानाशी रोजचा संबंध असलेल्या आणि एकमेकांना धाक असलेल्या समाजात होती. शहराच्या टेकडीवर तसा समाज अर्धामुर्धा तयार झालेला आहे. त्याचे दंडक मात्र अजून ठरायचे आहेत.

दंडक ठरवायचे तर आधी आपण काय राखतो आहोत ते कळले पाहिजे, आणि इथे टेकडीप्रेमी हमखास चुकतात. पुण्याच्या टेकड्या मुळात घनदाट जंगलाच्या नाहीत. त्या गवताच्या आणि विरळ झाडांच्या: सालई, मोई, धावडा, पळस, खैर, हिवर, पिवळ्याजर्द फुलांचा गणेर, पांढऱ्या खोडाचा कांडोळ. उन्हाळ्यात पिवळे पडलेले हे माळ पाहून शहरी डोळ्याला वाटते की इथे काही नाही. मग पावसाळा आला की कुदळ-फावडी, रोपे आणि फलक घेऊन वृक्षारोपण. पूर्वी वनखात्याने याच समजुतीने ग्लिरिसिडिया लावला. मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचे हे झाड झटपट वाढले आणि त्याच्या दाट सावलीखाली इथली गवते मागे हटली. जूनच्या पहिल्या सरींनंतर थोड्याच दिवसांत माळावर काय होते ते गुडघे टेकून पाहावे. एक-दोन गोलसर पाने जमिनीला चिकटवून बसलेली भुईआमरी वर येते, तिच्या वीतभर दांड्यावर पांढरी फुले लागतात, आणि पावसाळा सरायच्या आत ती जमिनीखालच्या कंदात परत जाते. उरलेले वर्ष तिथे ‘काही नसते’. त्या काही नसलेल्या जागेवर दीड फुटाचा खड्डा घेतला की तिची पुढची सगळी वर्षे संपतात. प्रेमाने केलेले हे नुकसान द्वेषाने केलेल्या नुकसानाइतकेच पक्के असते. ज्याला झाड लावायचेच आहे त्याने रस्त्याकडेला, सोसायटीच्या आवारात, शाळेच्या मैदानाकडेला लावावे. तिथे सावलीची खरोखर गरज आहे. माळाला माळ राहू द्यावे.

जाण आली की राबता कसा बदलतो, याचे उदाहरण मुंबईने दिले आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या राष्ट्रीय उद्यानाभोवती बिबट्यांचे हल्ले वाढले, तेव्हा लोकांची पहिली मागणी असे, पकडा आणि लांब सोडा. जुन्नर भागात विद्या अत्रेय यांनी केलेल्या अभ्यासातून दिसले की पकडून दुसरीकडे सोडलेल्या बिबट्यांमुळे हल्ले कमी होण्याऐवजी वाढतात. पुढे २०११ पासून मुंबईत वनखात्याने अभ्यासक आणि रहिवाशांना बरोबर घेऊन काम सुरू केले: कचरा उघडा ठेवू नका, म्हणजे कुत्री जमणार नाहीत आणि कुत्र्यांमागे बिबट्या येणार नाही, मुलांना अंधारात एकटे सोडू नका, बिबट्या दिसला म्हणून जमाव करू नका. भिंत बांधून सुटले नसते ते शेजाऱ्यांच्या समजूतदारपणाने बरेच सुसह्य झाले. पुण्याच्या टेकड्यांवर बिबट्याइतके दांडगे शिक्षक नाहीत, पण धडा तोच लागू पडतो. कुत्र्याला साखळी, मोटारसायकलला बंदी, रुळलेल्या वाटेखेरीज दुसरी वाट नाही, विणीच्या काळात माळाचा काही भाग मोकळा सोडणे, जानेवारीपासून वणव्यावर नजर. शेवटचे काम तर अनेक गट आजही करतात. उन्हाळ्यात गवत पेटले की झाडाच्या ओल्या फांद्यांनी आग झोडपायला पहिला पोचतो तो बहुधा फिरायला आलेला माणूसच.

हे सगळे आज सांगायचे कारण आहे. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे पुणे महापालिकेत आली. त्यांतली दोन पुढे वेगळी झाली, तरी शहराच्या हद्दीत नवे डोंगर, नवे उतार आले आहेत. तिथे वेताळ टेकडीसारखा शहरी राबता अजून नाही. गुराखी आहेत, गावदेवाला जाणारे आहेत, पावसाळ्यात रानभाज्या खुडणाऱ्या म्हाताऱ्या आहेत. पण आराखड्याच्या टेबलावर त्यांची गणती होत नाही आणि हरकतीचा अर्ज लिहायची त्यांना सवय नाही. बांधकाम पोचल्यावर तिथे टेकडी बचाव समिती स्थापन करण्यात अर्थ नाही. त्याआधी दोन गोष्टी व्हायला हव्यात. एक, कुठल्याही टेकडीवर रेघ ओढण्यापूर्वी तिथे कोण, किती, कशासाठी जाते याची मोजणी महापालिकेने करावी, जशी ती रस्त्यावरच्या गाड्यांची करते. गाड्यांची गणती हा पुरावा मानला जात असेल तर पावलांचीही मानली जावी. दोन, ज्यांच्या टेकड्या वाचल्या आहेत त्या पुणेकरांनी आपल्या अनुभवाचा उपयोग या गावांना करून द्यावा: नकाशा वाचायला, हरकत लिहायला, मोबदला मागायला. आपली टेकडी वाचली की आपले काम झाले असे मानणारा राबता शेवटी आपल्यापुरताच राहतो. शहराची पुढची पिढी ज्या उतारांच्या पायथ्याशी राहणार आहे, त्यांच्यासाठी आज जो बोलेल, त्यालाच आपल्या टेकडीवर हक्क सांगण्याचा नैतिक अधिकार आहे, असे मला वाटते.